कमरेला काय बांधलंय?

“अहो, कंबर धरलीय का तुमची? पट्टा बांधलाय वाटतं.”

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीतली गोष्ट. शुगरलँडला एका मित्राकडे दीड दिवसाचा गणपती होता. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, मी नमस्काराला वाकलो आणि सरळ झालो, तर मागे उभ्या असलेल्या एका काकूंनी हा प्रश्न विचारला. काकू पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, नजर तीक्ष्ण. सप्टेंबरचा ह्यूस्टन तुम्हाला माहीतच आहे. गाडीतून उतरून दारापर्यंत जाईतो माझा सिल्कचा कुडता पाठीला चिकटला होता आणि उजव्या कुल्ल्याच्या मागे एक चौकोनी उंचवटा स्पष्ट दिसत होता.

“हो काकू, थोडा त्रास आहे,” मी म्हटलं.

“निर्गुडीचं तेल लावा. आणि तो पट्टा सैल करा, फार आवळलाय.”

तो पट्टा नव्हता. ते नऊ मिलिमीटरचं पिस्तूल होतं, कातड्याच्या होल्स्टरमध्ये, पँटच्या आत खोचलेलं. टेक्ससच्या कायद्यात मी काही चुकत नव्हतो, पण यजमानांना न विचारता त्यांच्या देवघरापुढे ते घेऊन उभा होतो, याची लाज मला त्या क्षणी वाटली. बाहेर येऊन गाडीत बसलो, एसी लावला आणि प्रसाद घ्यायला परत आत गेलोच नाही. मित्राला अजून वाटतं की मला दुकानातून फोन आला होता. तो हे वाचेल. बाबा रे, माफ कर.

आपल्या मंडळात या विषयावर कोणी बोलत नाही. किती जणांच्या घरात बंदूक आहे याचा हिशेब कोणी मांडला नसेल, पण रेंजवर मला आपली माणसं भेटतात. भेटली की आम्ही दोघंही दारूच्या दुकानात भेटल्यासारखे हसतो. म्हणून यंदा ठरवलं, लिहायचं. बंदूक असावी की नसावी यावर नाही. त्यावर आमच्याच घरात तीन माणसांची तीन मतं आहेत. लिहायचंय ते होल्स्टरवर. हसू नका. आमच्या घरातलं सगळ्यांत मोठं संकट होल्स्टरमुळे आलं, म्हणजे खरं तर उकाड्यामुळे.

माझं शहराच्या नैऋत्येला एक छोटं दुकान आहे, बाहेर पेट्रोलचे चार पंप. दूध, सिगारेट, लॉटरी, बर्फ. डिसेंबर २०२१मध्ये रात्री बंद करताना एक जण आत आला, काउंटरवर पिस्तूल टेकवलं आणि गल्ला घेऊन गेला. मिनिटभराचा मामला. मला ओरखडाही आला नाही. त्या वेळी माझ्याकडे बंदूक असती तर मी काय केलं असतं, असं मला पुष्कळांनी विचारलं. प्रामाणिक उत्तर असं की काहीच नाही. त्याचं पिस्तूल आधीच बाहेर होतं. पण त्यानंतर रात्री गल्ला घेऊन पार्किंगमधून गाडीपर्यंत चालताना जी भीती पोटात बसली, तिला उत्तर म्हणून मी ते विकत घेतलं. भीतीला दिलेलं उत्तर शहाणपणाचं असतंच असं नाही. तरी घेतलं.

१ सप्टेंबर २०२१पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मी तरीही परवान्याचा वर्ग केला, ५० गोळ्यांची परीक्षा दिली. एक गोष्ट इथेच सांगतो, कारण नवी मुलं विचारतात. एच-१बी किंवा एफ-१वर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून फेडरल कायदा तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या बाळगू देत नाही. मित्राने हौसेने रेंजवर नेऊन हातात दिली तरी प्रकरण गंभीर होऊ शकतं. ग्रीन कार्ड आल्यावर गोष्ट वेगळी. आधी वकिलाला विचारा, मित्राला नको.

बंदूक मला अगदी परकी नव्हती. कुडाळजवळच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ठासणीची बंदूक असायची. शेती संरक्षणाचा परवाना, आधी आजोबांच्या नावावर, मग अण्णांच्या. रानडुकरं आणि वानरं यांच्यासाठी. निवडणुका आल्या की अण्णा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि निकाल लागल्यावर घेऊन यायचे. भिंतीवरची बंदूक कायम रिकामी. दारू आणि छर्रे वेगळ्या डब्यात, वेगळ्या खोलीत, आईच्या तांदळाच्या कणगीमागे. पावसाळ्यात दर आठवड्याला अण्णा ती खाली काढून शिलाई मशीनच्या तेलाने पुसायचे. कोकणातला पाऊस लोखंडाला चार दिवसांत तांबडं करतो. कोयता, विळी, कुदळ, सगळ्यांना तोच न्याय.

ह्यूस्टनला आल्यावर पहिल्या जूनमध्ये मला वाटलं होतं, अरे, ही तर आपलीच हवा. आखाताचं वारं, भिंतीला ओल, मिठाच्या बाटलीत तांदूळ. फरक एवढाच की कोकणात बंदूक भिंतीवर असते आणि इथे मी ती घामाने भिजलेल्या अंगाला चिकटवून बारा तास फिरत होतो.

पहिलं होल्स्टर मी पंधरा डॉलरचं घेतलं. नायलॉनचं, ‘सगळ्या पिस्तुलांना बसेल’ असं लिहिलेलं. जे सगळ्यांना बसतं ते कुणालाच नीट बसत नाही, हे शाळेच्या गणवेशावरून कळायला हवं होतं. पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटायचं, परत घालायचं तर दुसऱ्या हाताने उघडून धरावं लागायचं. त्याहून वाईट म्हणजे ट्रिगरवरचं कापड इतकं मऊ की बाहेरून बोटाने दाबलं तर आतला ट्रिगर हाताला लागायचा. होल्स्टरचं पहिलं काम पिस्तूल लपवणं नाही. ट्रिगरला कशाचाही स्पर्श होऊ न देणं, हे आहे. शर्टाचं टोकसुद्धा आत अडकता कामा नये. हे मला वर्गात सांगितलं होतं. तरी पंधरा डॉलर.

मग कातड्याचं घेतलं. देखणं, तपकिरी, हाताने शिवलेलं. नोव्हेंबर ते मार्च त्याच्यासारखं सुख नाही. अंगाच्या आकाराला हळूहळू वळतं, टोचत नाही. पण मे उजाडला की कातडं घाम पितं. संध्याकाळी काढलं की ओल्या चपलेसारखं जड आणि वासही तसाच. रात्री पंख्याखाली ठेवलं तरी सकाळी आतून दमटच. भिजून मऊ पडलं की तोंड मिटायला लागतं, म्हणजे फिरून पंधरा डॉलरवालीच व्यथा. आणि कातड्यातला तो खारट ओलावा दिवसभर पोलादाला चिकटून राहतो. पहिल्याच जूनमध्ये मागच्या नेमावर आणि स्क्रूच्या डोक्यांवर नारिंगी ठिपके आले. अण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवले. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तेल लावलंस काय रे?”

मधे पोटाला गुंडाळायचा लवचीक पट्टाही वापरून पाहिला. जिममध्ये जाणारी मंडळी त्याची फार स्तुती करतात. आमच्या उन्हाळ्यात तो म्हणजे ओलं बँडेज. तीन दिवसांत कमरेभोवती घामोळ्यांची माळ. पावडर लावली तर पावडरीचं पीठ पिस्तुलात.

मग एक संकरित घेतलं. पाठीमागे रुंद कातडं, पुढे कडक प्लास्टिकचं कवच. ओझं छान पसरतं, खुर्चीत बसलेल्या माणसाला बरं. पण जेवढं रुंद कातडं तेवढी जास्त चामडी झाकली जाणार आणि तिथे वारा लागणार नाही. मी फ्रीजरपासून पंपापर्यंत दिवसातून शंभर चकरा मारणारा माणूस. जुलैत ते मी एक आठवडा सहन केलं. कपाटातला ढीग बघून बायको म्हणाली, “माझ्या साड्या मोजत होतात ना?”

हे सगळं वरवर विनोदी आहे. पण या सगळ्या होल्स्टरांनी मला एक सवय लावली होती, जी माझ्या लक्षात आली नाही. उकडलं की काढायचं. दुपारी दुकानात काउंटरखालच्या खणात. घरी येताना सीटशेजारी. डॉक्टरकडे जाताना गाडीत. जिथे दारावर ३०.०६ची पाटी असेल, शाळेत, कोर्टात, अर्ध्याहून जास्त कमाई दारूवर करणाऱ्या ठिकाणी, जिथे लाल ५१ची पाटी लावतात, तिथे नेता येत नाहीच. म्हणजे कायद्यासाठी काढणं वेगळं आणि घामासाठी काढणं वेगळं, पण दोन्ही वेळा ते शेवटी कुठेतरी ठेवलं जात होतं. ‘कुठेतरी’ ही जागा दर वेळी निराळी.

८ जुलै २०२४ला बेरिल आलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते दिवस काढले आहेत, जास्त सांगत नाही. वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे घरी आणि दुकानात दोन्हीकडे अंधार. बाहेर छत्तीस अंश, आत त्याहून जास्त, आणि हवेत इतकी ओल की घाम वाळतच नव्हता, नुसता वाहत होता. दुकानाचे फ्रीजर बंद. मी आणि माझा मदतनीस दोन दिवस नासलेलं दूध आणि आइस्क्रीम काळ्या पिशव्यांत भरत होतो. लुटालूट होईल अशा अफवा होत्या, म्हणून पिस्तूल कमरेला. कातड्याचं होल्स्टर पिळून काढण्याइतकं ओलं. उजव्या कुल्ल्यावर रुपयाएवढी जागा सोलवटली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला ते सहन होईना. गाडीत बसल्यावर पिस्तूल काढलं, सीटखाली पडलेल्या त्या जुन्या नायलॉनच्या होल्स्टरमध्ये कोंबलं आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकलं. गोळी चेंबरमध्ये होती. घरी पोचलो, थंड पाण्याने अंघोळ केली, फरशीवर ओला पंचा पसरून झोपलो.

सकाळी बायकोच्या गाडीत पेट्रोल नव्हतं. माझी लेक, तेव्हा सोळा वर्षांची, लायसन्स मिळून चार महिने झालेले, माझी गाडी घेऊन बर्फ शोधायला गेली. मी झोपेतच ‘हो’ म्हणालो होतो म्हणे.

सिग्नल बंद असला की चारही बाजूंनी थांबायचं, हा नियम तिला पाठ होता. समोरच्यालाही होता. तरी दोघं एकाच वेळी निघाले. बंपरला बंपर घासला, एवढंच. समोरचा म्हातारा माणूस पिकअपमधून उतरून तिच्या खिडकीपाशी आला. तिने इन्शुरन्सचा कागद काढायला ग्लोव्ह बॉक्स उघडला. कागदांबरोबर ते नायलॉनचं होल्स्टर बाहेर आलं, त्यातून पिस्तूल निसटलं आणि शेजारच्या सीटवर पडलं.

लेक नंतर सांगत होती की तिला पहिल्यांदा ते काय आहे हे कळलंच नाही. तिला दिसला तो खिडकीबाहेरचा माणूस. तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याचा उजवा हात शर्टाखाली कमरेकडे गेला.

तिने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले, बोटं पसरून. आणि मोठ्याने म्हणाली, “हे माझ्या बाबांचं आहे. मी त्याला हात लावत नाहीये.” दोनदा म्हणाली. त्या माणसाने हात तिथेच ठेवून तिला हळू आवाजात सांगितलं, दार बाहेरून मी उघडतो, तू तसेच हात वर ठेवून खाली उतर. ती उतरली. मग तो फुटपाथवर बसला, कारण त्याचे पाय थरथरत होते. तिने मला फोन केला.

मी बायकोच्या गाडीतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलवर दहा मिनिटांत पोचलो. पिस्तूल सीटवर तसंच होतं. उचललं, रिकामं केलं. काय बोलावं ते सुचेना. माणूस सत्तरीच्या पुढचा, बेटाउनकडच्या रिफायनरीत आयुष्य घालवलेला. त्याने आरडाओरडा केला नाही. त्याने विचारलं, “ते गाडीत का होतं?”

“फार उकडत होतं,” मी म्हणालो.

“मलाही उकडतंय,” तो म्हणाला.

त्याच्या अंगावर पातळ, फिकट, मासेमारीला घालतात तसला शर्ट होता, घामाने ठिकठिकाणी चिकटलेला. त्याच्या कमरेला काही आहे हे मला नीट बघूनही दिसत नव्हतं. त्याने मला जे सांगितलं ते दहा वाक्यांत मावेल. होल्स्टर सकाळी घालायचं आणि रात्री काढायचं. मधे एकदाही काढावंसं वाटलं तर ते होल्स्टर तुझं नाही, परत कर. हिवाळ्यात दुकानात उभं राहून निवडू नकोस. ऑगस्टमध्ये, एसी बंद करून, रिकामं पिस्तूल घालून निवड. बंपरचे पैसे त्याने घेतले नाहीत. जाताना लेकीला म्हणाला, “तू बरोबर वागलीस.” मला काही म्हणाला नाही.

घरी आल्यावर बायको एकच वाक्य बोलली. ती मेडिकल सेंटरमध्ये लॅबमध्ये काम करते, उगाच आवाज चढवणारी नाही. म्हणाली, “तुम्हाला घाम येतो म्हणून आज पोरगी गेली असती.” त्यानंतर चार दिवस आमच्या घरात वीजही नव्हती आणि बोलणंही.

लेकीचं वेगळं होतं. आपल्या मुलांनी बालवाडीपासून लॉकडाउनचे सराव केलेत. दिवा बंद, कोपऱ्यात गप्प बसायचं, बूट वाजवायचा नाही. मे २०२२मध्ये उवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तेव्हा ती आठवीत होती आणि मी नुकतंच पिस्तूल घेतलं होतं. तेव्हा ती काही बोलली नव्हती. बेरिलनंतर बोलली. “बाबा, तू दुकानात घाबरतोस म्हणून ते आणलंस. मी शाळेत घाबरते. मी काय आणू?” माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, आजही नाही.

नंतर परवान्याच्या पुस्तकात मी शोधून वाचलं. टेक्ससच्या कायद्याने सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हा आहे. वर्गात हे शिकवलंही होतं. तेव्हा मी लहान मुलांचा विचार केला होता. सोळा वर्षांची, गाडी चालवणारी मुलगी डोळ्यांपुढे आली नव्हती.

बायकोने चार दिवसांनी अट घातली. पिस्तूल एक तर अंगावर, नाही तर तिजोरीत. तिसरी जागा नाही. मी ते विकून टाकायलाही तयार होतो. तीच म्हणाली, आधी नीट विचार करा, रागाने घेतलं तसं रागाने विकू नका.

मग ऑगस्टमध्ये, गॅरेजचं दार बंद करून, रिकामं पिस्तूल घेऊन मी म्हाताऱ्याने सांगितलेली परीक्षा सुरू केली. शेवटी जे टिकलं ते कायडेक्सचं. हे एक कडक प्लास्टिक. पत्रा तापवून मऊ करतात आणि पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवतात. त्यामुळे ते एकाच मॉडेलला बसतं आणि पिस्तूल आत गेल्यावर टक् असा आवाज येतो. घाम पीत नाही. रात्री पिस्तूल बाहेर काढून होल्स्टर साबणाच्या पाण्याने धुवा, पुसा, झालं. ट्रिगर पूर्ण झाकलेला, बोटाने दाबून दबत नाही. तोंड मिटत नाही. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर मात्र ठेवू नये, आकार बिघडू शकतो. पण ठेवायचंच कशाला, हा मुद्दा आहेच.

त्याचेही दोष आहेत. कायडेक्सला हवा खेळत नाही, घाम त्याच्या आणि कातडीच्या मधे साचतो. कडा नव्या असताना टोचतात. मी बारीक पॉलिशपेपरने घासून गोल केल्या. त्यावर दोन उपाय सापडले आणि दोन्ही स्वस्त. एक म्हणजे स्वेट गार्ड, स्लाइड आणि अंग यांच्यामधे वर आलेली पट्टी. ती पूर्ण उंचीची घ्या, अर्धी नको. घाम पोलादावर जात नाही आणि स्लाइड बरगडीखाली घासत नाही. दुसरा म्हणजे आत गंजी, पण सुती नाही. सुती गंजी कातड्यासारखीच घाम धरून बसते. धावणारे लोक घालतात तसली, लवकर वाळणारी, लांब, पँटमध्ये खोचलेली. दुकानात मी दोन जादा ठेवतो आणि दुपारी बदलतो. गंजी बदलताना होल्स्टर पिस्तुलासकट कमरेवरून सोडवायचं, पिस्तूल त्यातून काढायचं नाही. जेवढ्या वेळा आत-बाहेर, तेवढ्या वेळा चुकायची संधी.

बेल्टवर कोणी बोलत नाही, पण अर्धं काम बेल्टचं आहे. भरलेलं पिस्तूल साधारण पाऊण किलो असतं. ऑफिसचा मऊ बेल्ट त्याने वाकतो, मग होल्स्टर बाहेर झुकतं, मग माणूस बेल्ट आवळतो, मग सोलवटतं. काकूंचं निदान त्या अर्थाने बरोबर होतं. कडक बेल्ट सैल लावता येतो. पँटही कमरेला एक माप मोठी घ्यावी लागते, नाही तर उन्हाळ्यात कंबर आणि लोखंड यांचं भांडण मिटत नाही.

जागेचं म्हणाल तर बेंबीला बारा वाजले असं धरा. माझं चार वाजता असतं. पोटापुढे घेणारे लोक सांगतात की तिथे पटकन हात जातो आणि लपतंही छान. माझ्या पोटाचा घेर पाहता वाकलं की ते मांडीच्या सांध्यात रुततं, आणि नळी कुठे रोखलेली आहे तेही आठवतं. पँटच्या बाहेरून, बेल्टवर लावलं तर वारा लागतो, सगळ्यांत थंड तेच. पण वरून लांब, सैल शर्ट लागतो आणि वारा सुटला की झालं. होल्स्टरला एक छोटा पंख मिळतो, तो बेल्टच्या दाबाने मूठ अंगाकडे वळवतो. मूठच जास्त दिसते, नळी नाही. शर्ट चौकड्यांचा किंवा फुलाफुलांचा. एकरंगी पातळ शर्ट आणि सिल्कचा कुडता ही दोन वस्त्रं तर विसराच.

आणि तेल. रोज रात्री रिकामं करून, दोनदा बघून, कोरड्या कापडाने पुसायचं, मग तेलाचा अगदी पातळ हात. स्क्रू, नेम, मॅगझिनची कड, घाम तिथे बसतो. स्टेनलेस म्हणून निश्चिंत राहू नका, घामातल्या मिठापुढे तेही डाग धरतं. तिजोरीत सिलिका जेलच्या पिशव्या, त्या दर महिन्याला बदलायच्या. अण्णांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. पहिल्यांदाच.

गाडीत सीटच्या लोखंडाला तारेने बांधलेली छोटी कुलपाची पेटीही बसवली. ती म्हणजे तिसरी जागा झाली, असं बायकोचं म्हणणं. मी म्हटलं, पाटी असलेल्या दारापाशी अचानक जावं लागलं तर? तिने ती पेटी मान्य केली, पण किल्ली माझ्या जानव्याला बांधा म्हणाली. मी जानवं घालत नाही. किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातून काढून घड्याळाच्या पट्ट्यात बसवली, म्हणजे गाडी कुणीही नेली तरी ती माझ्याकडेच राहते.

एक अनपेक्षित गोष्ट अशी झाली की, बारा तास अंगावर ठेवायचंच असा नियम केल्यावर मला ते किती वेळा नकोसं असतं ते कळलं. आधी मी ते रोज घालत होतो, कारण काढणं सोपं होतं. आता सकाळी कपाटापाशी उभं राहून विचार करावा लागतो. बँकेत भरणा मी दिवसा करायला लागलो. दुकानात वेळ लागल्याशिवाय न उघडणारी तिजोरी घेतली, बाहेर तशी पाटी लावली. कुणाच्याही घरी जाताना पिस्तूल नेत नाही. मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असतो, तिथे प्रश्नच नाही. आता राहिल्या त्या आठवड्यातल्या दोन रात्री, दुकान मी बंद करतो त्या. लेकीचं म्हणणं त्या दोनही नकोत. आमचं बोलणं चालू आहे. ती पुढच्या वर्षी कॉलेजला ऑस्टिनला जाईल बहुतेक, फोनवरही चालू राहील.

परवा दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे पाटावर हत्यारं मांडली. विळी, अडकित्ता, माझा स्क्रूड्रायव्हरचा संच, लेकीचा लॅपटॉप, बायकोने लॅबमधून आणलेली एक पिपेट. लेकीने झेंडूचं एकेक फूल ठेवलं. मी आतल्या खोलीकडे बघितलं, तर बायको म्हणाली, “ते पाटावर येणार नाही.” मी म्हटलं, बरं. मग लेक आत गेली आणि धुऊन वाळत घातलेलं रिकामं होल्स्टर घेऊन आली, लॅपटॉपशेजारी ठेवलं. हळदकुंकू लावायला गेली आणि थांबली.

“बाबा, याला डाग पडतील?”

“नाही,” मी म्हटलं, “धुतलं की जातं.”